छपरावरची वीज आणि घरातला हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी मी चार शब्द बोलावे अशी आपल्या कार्यकारिणीने आज्ञा केली. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत. व्याख्यान देणे हा माझा प्रांत नव्हे. परंतु घरखर्चाची वही मी लग्न झाल्यापासून लिहिते, आणि आजचा विषय त्या वहीतलाच आहे, म्हणून उभी राहण्याचे धाडस केले. काही चुकले-माकले तर आपण घरच्याच आहात, सांभाळून घ्याल.

विषय आहे घरावर बसवायच्या सोलरचा. गेले वर्षभर आपल्या आळीत याशिवाय दुसरी गोष्ट नाही. पिशवी घेतलेले विक्रेते दारोदार येतात, रंगीत कागद देतात, "बिल शून्य, आयुष्यभर वीज फुकट" असे सांगतात. आपल्या भिशीतून सोलरसाठी उचल मिळावी म्हणून सात जणींचे अर्ज आले आहेत. त्यांतल्या दोघींनी तर उचल पुरली नाही तर पाटल्या गहाण ठेवू असे बोलून दाखवले. तेव्हा या खटाटोपात फायदा किती, खर्च किती, आणि कोणाला किती, हे एकदा आपण सर्वांनी मिळून पाहिले पाहिजे.

आरंभी एक घोटाळा दूर करते. सोलर म्हटले की आपल्याकडे तीन निरनिराळ्या वस्तूंना एकच नाव पडते. गच्चीवर काचेच्या नळ्यांचा, पाणी तापवणारा बंब असतो. तो वीज करीत नाही. शेतात विहिरीवर सौर पंप बसतो. त्याची सरकारी योजना निराळी, अर्ज निराळा. मी बोलणार आहे ती तिसरी वस्तू, म्हणजे घराच्या छपरावर प्लेटा बसवून घरापुरती वीज करायची. उन्हाने प्लेटांत वीज तयार होते, इन्व्हर्टर नावाची पेटी तिला घरात चालेल अशी करते, आणि घरात वापरून उरलेली वीज खांबावरच्या लाइनीत जाते. मीटर दोन्हीकडचा हिशेब ठेवतो, किती आपण घेतली आणि किती दिली. रात्री ऊन नसते तेव्हा आपण लाइनीची वीज घेतो आणि दिलेल्यातून ती वजा होते. शेजारणीकडे वाटीभर साखर द्यावी आणि लागेल तेव्हा परत आणावी, तसला हा व्यवहार आहे.

सरकारची मदत अशी आहे. प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजना २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तीत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा अधिकला ७८,००० रुपये अनुदान ठरले. प्लेटा मात्र आपल्या देशातच तयार झालेल्या हव्यात, आणि बसवणाऱ्याने पाच वर्षे देखभाल केली पाहिजे, अशा अटी आहेत. अनुदान आधी मिळत नाही. काम होऊन तपासणी झाली की मग ते खात्यात जमा होते. तोवर सगळी रक्कम आपल्याला उभी करावी लागते किंवा बँकेचे कर्ज काढावे लागते. विक्रेता बोलताना हे वाक्य फार भरभर म्हणतो, म्हणून मी सावकाश म्हणते.

आमच्या घरी २०२४ च्या सप्टेंबरात १ किलोवॅटचे सोलर बसले. घरात आम्ही सहा माणसे. फ्रीज, चार पंखे, टीव्ही, मिक्सर, टाकीत पाणी चढवायची मोटर आणि माझे शिलाई मशीन. वर्षाची जुनी बिले काढून सरासरी पाहिली तेव्हा महिन्याला १३० युनिट आणि सुमारे १,२०० रुपये पडत होते. तीन दुकानांतून भाव काढला. सर्व मिळून ६८,००० ला ठरले. अनुदान ३०,००० मिळाले. पदरचे ३८,००० गेले.

त्या वेळी घरात थोडी चकमक झाली, तीही सांगते. यजमानांचे मत पडले की करायचेच तर ३ किलोवॅटचे करू, अनुदान जास्त आहे. मामंजी म्हणाले, "ऊन देवाचं, मग पैसे कोणाला द्यायचे?" आणि सासूबाईंनी सर्वांत मोलाचा प्रश्न विचारला, "माझ्या कुरडया कुठं घालायच्या?" आपण हसलात, परंतु हा हसण्याचा प्रश्न नाही. १ किलोवॅटला सावली न पडणारी सुमारे १०० चौरस फूट जागा लागते, तर ३ किलोवॅटला ३०० फूट. गच्चीवर उन्हाळाभर कुरडया, सांडगे, पापड, मिरच्या, वर्षाचे धान्य, सारे वाळते. ती जागा गेली तर वाळवण विकत आणावे लागेल, आणि तो खर्च कोणत्याही रंगीत कागदावर छापलेला नसतो. उंच लोखंडी मांडवावर प्लेटा बसवता येतात, पण मांडवाचे पैसे वेगळे आणि खाली सावली. शेवटी गरजेपुरते १ किलोवॅट घेतले आणि अर्ध्याहून अधिक गच्ची सासूबाईंच्या स्वाधीन राहिली.

आता वर्षाचा हिशेब. ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या बारा महिन्यांत आमच्या प्लेटांनी १,३४२ युनिट वीज केली. मे महिन्यात १३८ आणि जुलैत फक्त ७०. म्हणजे पावसाळ्यात निम्म्यावर येते. "दिवसाला चार युनिट" असे विक्रेता सांगतो ते खोटे नाही, पण ते वर्षाच्या सरासरीच्या जवळपासचे आहे. आषाढातल्या झडीत ते मिळणार नाही. पूर्वी वर्षाला विजेचे सुमारे साडेचौदा हजार जात, आता सुमारे तेहतीसशे गेले. बचत सुमारे अकरा हजार दोनशेची. घातलेले ३८,००० साडेतीन वर्षांच्या आत फिटतील.

"बिल शून्य" मात्र झाले नाही आणि होणारही नाही. युनिट शून्य झाले तरी मीटरचा स्थिर आकार द्यावाच लागतो. आमच्याकडे करासहित तो महिन्याला दीडशेच्या घरात जातो.

इथवर ऐकून आपण म्हणाल, मग काय, सर्वांनीच बसवावे. थांबा. आता दुसऱ्या घराचा हिशेब करू. आपल्या सभासदांपैकी निम्म्याहून अधिक घरांत फ्रीज नाही. दोन पंखे, चार दिवे, एक टीव्ही. महिन्याला ६० युनिट, बिल साडेपाचशे-पावणेसहाशे. अशा घराने आमच्यासारखेच १ किलोवॅट बसवले तर स्थिर आकार वगळून वर्षाला फार तर ४,९०० रुपये वाचतील. ३८,००० फिटायला पावणेआठ वर्षे लागतील. वापरून उरलेल्या युनिटांचे पैसे वर्षाअखेर मिळतात, पण फार कमी दराने. त्यावर भिस्त ठेवू नये.

आणि त्या ३८,००० साठी पाटल्या गहाण ठेवल्या तर? व्याज शेकडा दहा धरा. वर्षाचे व्याज ३,८०० झाले. बचत ४,९०० ची. हातात उरले अकराशे. मुद्दल कशातून फेडायचे? भगिनींनो, आपल्यापैकी किती जणींच्या पाटल्या एकदा पेढीत गेल्या त्या परत हातात आल्या, हे मी विचारीत नाही. ज्याचे त्याला ठाऊक. विजेच्या बिलातून सुटण्यासाठी व्याजाच्या बिलात अडकणे हा शहाणपणा नव्हे. अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपल्या आजीने सांगितले ते सोलरलाही लागू आहे.

याच घरासाठी स्वस्त वाट आहे. जुना पंखा ७५ वॅटचा असतो; नव्या बीएलडीसी पंख्याला ३० वॅटच्या आसपास लागतात. दिवसाला दहा तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात. किंमत अडीच-तीन हजार. पिवळा बल्ब अजून कोणाच्या गोठ्यात, न्हाणीघरात असेल तर तो काढून ९ वॅटचा एलईडी लावावा. आधी हे करावे, मग वर्षभर बिल पाहावे, आणि मग छपराकडे नजर टाकावी.

दारिद्र्यरेषेखालील आणि १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांसाठी २०२५ साली राज्य सरकारने निराळी मदत जाहीर केली, हेही सांगितले पाहिजे. १ किलोवॅटचा खर्च ५०,००० धरून केंद्राचे ३०,०००, राज्याचे १७,५०० आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाने पदरचे २,५०० घालावे असा तो हिशेब आहे. ज्यांना हे लागू होते त्यांनी एक दिवस मोडून महावितरणच्या कार्यालयात चौकशी अवश्य करावी. सहा-सात महिन्यांत फिटणारा हा व्यवहार आहे. योजनांच्या मुदती व अटी बदलत असतात, म्हणून शेजारणीच्या सांगण्यावर न जाता अर्जाच्या दिवशी स्वतः विचारावे.

आता सर्वांत मोठा गैरसमज. आपल्यापैकी पुष्कळ जणींना सोलर हवे आहे ते बिलासाठी नव्हे, लाइट जाते म्हणून. पावसाळ्यात झाड पडले की रात्र काळोखात, मुलांचा अभ्यास बुडतो, तान्ह्या बाळाला डास फोडून काढतात. ही अडचण खरी आहे. पण बॅटरी नसलेले, लाइनीला जोडलेले सोलर लाइट गेल्यावर बंद पडते. भर दुपारी, टळटळीत उन्हातसुद्धा बंद पडते. आपल्या आळीतल्या एका भगिनीला विक्रेत्याने "लाइट जायची चिंताच नको" म्हणून सांगितले. कर्ज काढून ३ किलोवॅट बसवले. पहिल्याच वळवाच्या पावसात लाइट गेली आणि सगळ्यांबरोबर तीही मेणबत्ती शोधीत बसली. तिच्या घरचा वापर ११० युनिटांचा. पदरचे एक लाख सतरा हजार गेले, वर्षाला वाचतात साडेनऊ हजारांच्या आसपास. फिटायला बारा वर्षे, आणि कर्जाचे व्याज त्यावर आणखी. तिने स्वतः मला म्हटले, "वहिनी, माझं नाव घेऊ नका, पण हे सभेत सांगा." म्हणून सांगते.

सोलर असे बंद का पडते? त्याचे कारण ऐकले तर रागावणार नाही. लाइट गेली म्हणजे कोठेतरी तार तुटलेली असते आणि वायरमन खांबावर चढलेला असतो. आपल्या छपरावरची वीज त्या वेळी लाइनीत गेली तर त्याचा जीव जाईल. तो कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी धनी. म्हणून इन्व्हर्टरला तशी शिस्तच लावलेली असते. हा दोष नव्हे. दोष आहे तो न सांगण्याचा.

काळोखाची सोय हवी असेल तर बॅटरी हवी. १५० अँपियर-अवरची एक मोठी बॅटरी पंधरा-सोळा हजारांची. ती चार ते सहा वर्षे टिकते, वेळेवर शुद्ध पाणी घातले तर. म्हणजे महिन्याला अडीचशे-पावणेतीनशे रुपये नुसते बॅटरीच्या झिजेचे धरावे. तिच्यातून साधारण एक युनिट वापरायला मिळते. चार एलईडी दिवे आणि दोन जुने पंखे पाच तास चालले की ते संपले. पंखे नवे असतील तर त्याच बॅटरीवर रात्र निघते. फ्रीज, इस्त्री, पाण्याची मोटर तिच्यावर लावू नये. तेव्हा विक्रेत्याशी बोलण्याआधी घरात बसून ठरवावे: आपल्याला बिल कमी करायचे आहे, की काळोख घालवायचा आहे? या दोन गरजा निराळ्या आणि दोहोंची किंमत निराळी. दोन्ही हव्या तर बॅटरीचे सोलर घ्यावे, पण दुप्पट विचार करून.

कागदपत्रांचेही दोन शब्द. खेड्यात कित्येक घरांची विजेची बिले वारलेल्या सासऱ्यांच्या नावाने येतात. ज्याच्या नावे मीटर त्याच्या नावे अर्ज आणि त्याच्याच खात्यात अनुदान. म्हणून आधी नाव बदलून घ्यावे लागते. छप्पर भावाभावांत सामाईक असेल तर दिरा-जावांची संमती कागदावर घ्यावी. आज घरात गोडवा आहे म्हणून तोंडी ठेवू नये. मी तर म्हणेन, नाव बदलायचेच आहे तर मीटरवर घरातल्या बाईचेही नाव लागावे म्हणून घरी गोडीगुलाबीने विषय काढावा. छताची गळती आधी दुरुस्त करावी, कारण प्लेटा बसल्यावर ती सापडत नाही. कौलारू आणि जुन्या पत्र्याच्या घराने वाशांची ताकद सुताराकडून पाहून घ्यावी.

देखभाल फार नाही, पण ती आपल्याच अंगावर पडते. पंधरा दिवसांनी प्लेटांवरची धूळ आणि पाखरांची घाण धुवावी. पहाटे किंवा सायंकाळी धुवावी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. विहिरीच्या जड पाण्याचे पांढरे डाग बसतात, म्हणून शेवटचा हात पावसाच्या साठवलेल्या पाण्याचा द्यावा आणि मऊ फडक्याने पुसावे. उतरत्या छपरावर आपण चढू नये. लांब दांड्याचा बोळा करावा. प्लेटा पंचवीस वर्षे काम देतात, हळूहळू थोडी कमी वीज करीत. इन्व्हर्टर मात्र आठ-दहा वर्षांत बदलावा लागतो. म्हणून आम्ही वाचलेल्या पैशातून महिन्याला दोनशे रुपये वेगळ्या डब्यात टाकतो. ज्या घरी हा डबा नाही त्या घरी नवव्या वर्षी प्लेटा नुसत्या शोभेला राहतील.

घरातल्या कामाची वेळही थोडी बदलावी लागली. वीज उन्हात होते, तर मोटर, मिक्सर, शिलाई ही कामे मी दुपारी उरकते. पूर्वी रात्री मशीन चालवून डोळे दुखत. आता ब्लाउज दुपारी शिवून होतात. हा फायदा बिलावर दिसत नाही, पण मला दिसतो.

फायद्याची मोठी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी नुसते भीती घालायला उभी राहिले असे होईल. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात मान्याचीवाडी म्हणून लहानसे गाव आहे. २०२४ साली ते आपल्या राज्यातले पहिले सौरग्राम झाले. गावाने एकत्र येऊन केले म्हणून झाले. आणि राजस्थानात तिलोनिया येथे १९७२ साली निघालेली बेअरफूट कॉलेज नावाची संस्था आहे. तेथे अक्षरओळख नसलेल्या आज्याबाया रंगांच्या खुणांवरून सौरदिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकल्या. परदेशांतल्या खेड्यांतूनही बायका तेथे शिकायला आल्या. त्यांना जमले, तर आपली सातवी तरी झाली आहे! आपल्याकडे एखादी वायर सैल झाली तरी तालुक्याच्या माणसाची वाट पाहावी लागते आणि तोवर वीज वाया जाते. ऊन आपल्या गावचे, छप्पर आपले, मग हातही आपले का नसावेत?

म्हणून शेवटी मंडळापुढे तीन गोष्टी ठेवते. एक, भिशीतून सोलरसाठी उचल द्यायची ती बारा महिन्यांची बिले पाहून द्यावी. ज्या घरी पाच वर्षांच्या आत पैसे फिटतात त्या घरी खुशाल द्यावी. ज्या घरी फिटत नाहीत तिथे पंखे आणि दिव्यांसाठी लहान उचल द्यावी, आणि सोन्यावर कर्ज काढून कोणी हे करू नये असे मंडळाने स्पष्ट सांगावे. दोन, दरमहा सभेत पाच मिनिटे बिल वाचायला शिकावे. ज्यांना अक्षरे लागत नाहीत त्यांचे आम्ही वाचून दाखवू. तीन, आपल्या गावातल्या दहावी-बारावी झालेल्या दोन मुलींना वायरमनचे व सोलरचे शिक्षण घेण्यासाठी मंडळाने फी द्यावी. त्या शिकून आल्या की दुरुस्तीचे पैसे गावातच राहतील आणि त्यांच्याही हाताला काम मिळेल.

सात अर्जांपैकी चार घरांची बिले मी त्या-त्या भगिनींच्या परवानगीने पाहिली. दोघींनी जरूर बसवावे. एकीने दारिद्र्यरेषेच्या योजनेत अर्ज करावा. चौथीने यंदा फक्त पंखे बदलावेत. उरलेल्या तिघींनी बिले घेऊन यावे, मी आनंदाने वही काढून बसेन.